ओळख बाकी

४ मार्च

दादा,

इतके महिने फोन का बंद म्हणून रागावू नकोस. फोन आता माझ्याकडे नाहीच. पत्रच लिहीत जा. अक्षर सातवीतलंच राहिलंय, सांभाळून घे.

पिटुकली बरी आहे. आठवा महिना लागलाय. खालचे दोन दात आलेत, ते धड आहेत का बघायला दिवसभर माझं मनगट चावते. तिला पाळणाघरात सोडते आणि लाँड्रीत जाते. इस्पितळाच्या चादरी येतात आमच्याकडे. धुवायच्या, इस्त्री करायच्या, घडी घालून ज्या-त्या वॉर्डाच्या फडताळात ठेवायच्या. काम बरं आहे. उकडतं फार, पण दाराला आतून कडी आहे.

लिहायचं कारण वेगळं. काल पिटुकलीचं कार्ड आलं, तुमच्या नोंदणी कचेरीचं. तू तिथेच ते चौकटी-बाण का काय काढतोस म्हणून तुलाच विचारते. कार्डावर आईसमोर माझं नाव आहे, ते ठीक. वडिलांसमोर मी काही लिहिलं नव्हतं. खिडकीतल्या बाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हटलं. जागा कोरी ठेवून आले, माझ्या डोळ्यांनी बघितली कोरी. आणि छापून काय आलंय? "वडील: आहे. ओळख बाकी."

हे "आहे" कुणी लिहिलं रे?

पाळणाघरातल्या बाईंनी कार्ड बघितलं आणि त्यांच्या वहीत एक ओळ वाढवली. मुलाला न्यायला कोण येणार, त्याची वही असते. एक नंबरला मी. दोन नंबरला नुसती रेघ. म्हटलं, ही रेघ कुणाची? त्या म्हणाल्या, "असतील ना कुणी. कार्डावर आहे म्हणजे आहेत." मी म्हटलं, नाहीत. त्या हसल्या. "भांडण झालंय वाटतं!"

लवकर लिही. वहिनीला सांग मी विचारलंय.

तुझी मुंगी

११ मार्च

मुंगे,

पत्र वाचून आधी पोटभर हसलो. मग तुझ्या वहिनीने डोळे वटारले म्हणून थांबलो. अगं वेडे, ते "आहे" कुणा माणसाने लिहिलेलं नाही. यंत्राने लिहिलंय, आणि यंत्राला शिकवलंय तुझ्या या भावाने.

सांगतो नीट. मी फळ्यावर चौकटी काढतो. एक चौकट मुलांची, एक आयांची, एक वडिलांची, एक घरांची, एक कामाच्या जागांची. प्रत्येक चौकटीमागे एक वही, आणि वहीत खऱ्या माणसांच्या ओळी. पिटुकलीची एक ओळ, तुझी एक. मग चौकटीतून चौकटीकडे बाण. बाण म्हणजे प्रश्न. हिची आई कोण? वडील कोण? आईचं घर कुठलं? नियम एकच, बाणाला उत्तर हवं आणि एकच हवं. दोन नकोत, शून्य नको.

आता मूल आहे म्हणजे बाप आहेच, हो की नाही? पिटुकली काही ढगातून पडली नाही. तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून यंत्राने वडिलांच्या वहीत बिननावाची एक ओळ उघडली आणि बाण तिथे नेऊन टेकवला. झालं. उलटही तसंच आहे. आयांच्या चौकटीत जी बसली तिला निदान एक मूल हवंच, नाहीतर ती आई कसली! या वाक्याला आमच्या मोठ्या बाई इतक्या हसल्या की नियम तिथल्या तिथे मंजूर झाला.

पण माझी खरी करामत पुढेच आहे. मुलाकडून आईकडे जा, आईकडून तिच्या घरी. नाहीतर मुलाकडून बापाकडे जा, बापाकडून त्याच्या घरी. मूल लहान असेल तर दोन्ही रस्ते एकाच दारात यायला हवेत. आले नाहीत तर कुठेतरी खोटं बोललं गेलंय. वेगळे राहणारे कोर्टाचा कागद आणतात, त्यांना सूट. बाकी सगळ्यांना हा नियम. या एका नियमाने आम्ही चारशे बनावट नोंदी पकडल्या. फळ्यावरचं ते चित्र अजून पुसू देत नाहीत मोठ्या बाई.

तेव्हा घाबरायचं काही नाही. जावईबापूंचं नाव कागदावर लिहून धाड, "ओळख बाकी" निघून जाईल. पण जागा कोरी ठेवलीसच का? रुसलीस वाटतं. शांत माणूस आहे गं तो. माझ्याशी एकदाही आवाज चढवून बोलला नाही.

लहानपणी पाण्याच्या टाकीत काय पडलं होतं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आई गेली, तरी तोंड उघडलं नाही. एवढा विश्वासू भाऊ मिळायचा नाही तुला.

दादा

१८ मार्च

दादा,

नाव पाठवणार नाही. का ते विचारू नकोस आत्ता.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौकटी कळल्या, बाण कळले. तू म्हणतोस ती नुसती ओळ आहे. तुझ्याकडे असेल नुसती. इथे ती राहायला आलीय.

सोमवारी वॉचमनकाकांनी खाली पत्रांच्या पेटीवरची चिठ्ठी बदलली. आधी माझ्या खोलीपुढे "माणसं दोन" होतं, आता "माणसं तीन". विचारलं तर म्हणाले, "वरून यादी आली पोरी. तुमचे मिस्टर धरून तीन."

म्हटलं, "काका, तुम्ही कधी बघितलंत का त्यांना?"

"मी काय चोवीस तास इथे बसतो? येत-जात असतील आपल्या वेळेला."

आणि दुसरी किल्ली करून घेतलीय त्यांनी. घरात मोठी माणसं दोन, तर किल्ल्या दोन, असा बिल्डिंगचा नियम आहे म्हणे. त्यांच्या खोलीत खिळ्यांची पाटी आहे, तिच्यावर माझ्या खोलीच्या नंबराखाली टांगलीय. येता-जाता दिसते मला. काका म्हणाले, "आले की देतो हातात, काळजी करू नका."

तुला आमच्याकडचं सांगते. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात पट्टी शिवलेली असते, कुठल्या वॉर्डाची ते लिहिलेली. कधी कधी पट्टी निघालेली चादर येते. आमच्या मुकादम बाई ती फेकत नाहीत. "कोणाची तरी" असं खडूने लिहिलेलं एक फडताळ आहे, त्यात ठेवतात. आता कोणाची तरी म्हणजे कोणाची, सांग? जो वॉर्ड आधी मागेल त्याची. त्यांनी येऊन एवढंच म्हणायचं, आमची एक कमी पडतेय. बाई देऊन टाकतात. चादरीला कोण विचारतंय.

तुझी ती बिननावाची ओळ त्या फडताळातली आहे. ती काढून टाक दादा. तुझ्या पाया पडते.

मुंगी

२९ मार्च

मुंगे,

उशीर झाला, कचेरीत तपासणी होती.

ओळ काढता येत नाही. तुझं चादरींचं उदाहरण मी मोठ्या बाईंना सांगितलं. हुशार आहे तुझी बहीण, म्हणाल्या. पण पिटुकलीचा बाण त्या ओळीवर टेकलाय. ओळ काढली की बाण लोंबकळतो आणि लोंबकळणारा बाण यंत्र ठेवत नाही. बाणाबरोबर पिटुकलीचीच ओळ जाईल. म्हणजे पाळणाघर नाही, लस नाही, पुढे शाळा नाही. चालेल का तुला? नाही ना?

वॉचमनवर चिडू नकोस. तो बिचारा यादीप्रमाणे चालतोय.

आणि आता निर्धास्त राहा. मी एक व्यवस्था केलीय. पंधरा दिवसांत कार्डावरचं "ओळख बाकी" जाईल. कशी ते विचारू नकोस, सगळं नीट झालं की मग आभार मान. वहिनी म्हणते, मी तुझ्या संसारात नाक खुपसू नये. पण मोठा भाऊ असतो कशाला?

दादा

५ एप्रिल

दादा,

काय व्यवस्था केलीस?

काल पिटुकलीला आणायला गेले तर पाळणाघरातल्या बाई एकदम खूश. म्हणाल्या, "तुझ्या मिस्टरांचा फोन आला होता. किती हळू बोलतात गं! आमच्याकडे बाकीचे बाप नुसते खेकसतात." काय म्हणाले, विचारलं. "किती वाजेपर्यंत न्यायला येता येतं ते विचारलं. आणि पिटुकलीची सर्दी बरी झाली का."

दादा, सर्दी तिला गेल्या आठवड्यात झाली होती. मी ती फक्त पाळणाघराच्या कागदावर लिहिली होती.

वहीत दोन नंबरची रेघ नव्हती आता. नाव होतं. त्याचं. मी बाईंना म्हटलं, त्याला देऊ नका. त्या म्हणाल्या, "अगं, यादीतल्या माणसाला मी नाही कशी म्हणू? कागद दाखवला तर द्यावंच लागतं."

तू म्हणालास तो शांत आहे. आहेच. तो कधी ओरडला नाही, हातही उचलला नाही. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. पिटुकली तीन आठवड्यांची होती. मी म्हटलं, मला दोन दिवस दादाकडे जाऊन येऊ दे. तो बरं म्हणाला. मग पाळण्यातून तिला उचललं, गॅलरीत गेला आणि कठड्याबाहेर दोन्ही हात लांब करून तिला धरली. चौथा मजला. मी धावले तर म्हणाला, "हलू नकोस. तू हललीस की माझे हात हलतात." असं हळू, जसं तुझ्याशी बोलतो ना, तसं. किती वेळ ते सांगता येणार नाही. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. पिटुकली जांभई देत होती. मी म्हटलं, नाही जात कुठे. मग आत आणून तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला गेला.

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेल्यावर मी निघाले. फोन त्याच घरात ठेवून. म्हणून जागा कोरी. मला रुसायला वेळ कुठे होता रे.

काय केलंस ते लिही. लपवू नकोस.

मुंगी

९ एप्रिल

मुंगे,

लपवत नाही.

२५ मार्चला मीच चिठ्ठी पाठवली. तुझ्या ओळीतून एक बाण "आधीचं घर" याकडे जातो. त्या घरी चौकशीची चिठ्ठी गेली: अमुक मुलाच्या वडिलांची ओळख बाकी आहे, आपण ते असल्यास सही करावी. मला वाटलं, त्याने सही केली की तुझा रुसवाही जाईल. ३१ ला सही होऊन परत आली. अक्षर सुंदर आहे त्याचं. १ तारखेला बिननावाची ओळ आणि त्याची ओळ एक झाली.

आणि मग माझी करामत. पिटुकलीकडून आईच्या रस्त्याने तुझं घर, बापाच्या रस्त्याने त्याचं घर. दोन घरं निघाली. यंत्राला दोन चालत नाहीत. मूल तुझ्याकडे नोंदलेलं, म्हणून त्याचं घर खोडून तुझंच त्याच्यासमोर लिहिलं आणि नवीन कार्ड छापून त्याला टपालाने पाठवलं. तुझी खोली, पाळणाघर, तिथली सर्दीची नोंद, सगळं त्यावर. पत्ता त्याला कुणी सांगितला नाही मुंगे. तो नियमानेच निघाला.

आज मोठ्या बाईंसमोर हात जोडले. त्या म्हणाल्या, हरकतीचा अर्ज करा, नव्वद दिवसांत सुनावणी होते, दोन्ही पक्षांना बोलावतात. दोन्ही पक्षांना! मी म्हटलं, बाई, ती माझी बहीण आहे. म्हणाल्या, "मग तर तुम्ही या नोंदीला हातच लावू नका."

आमच्याकडे ये असंही म्हणता येत नाही. हे घर त्याला माहीत आहे. परवा तो वहिनीला रस्त्यात भेटला, पिशवी उचलून दारापर्यंत आला.

त्या खोलीत राहू नकोस. आजच्या आज नीघ.

दादा

१३ एप्रिल

दादा,

तुझं पत्र हातात पडायच्या आधीच मी निघाले होते. ते वॉचमनकाकांनी लाँड्रीवर आणून दिलं, चांगला माणूस आहे तो.

शुक्रवारी दुपारीच पिटुकलीला पाळणाघरातून काढलं. घरी आले, सवयीने काकांच्या पाटीकडे बघितलं. माझ्या नंबराखाली खिळा होता. किल्ली नव्हती.

काका म्हणाले, "आले बरं का तुमचे मिस्टर! कागद दाखवला, सही केली. वर बसलेत. चहा टाकतो म्हणाले, दूध आहे का विचारत होते."

मी वर गेले नाही. पिटुकलीची दोन झबली दोरीवर वाळत होती, तीही राहिली. तशीच मागे फिरले. जिन्याच्या खिडकीतून कुणी बघत होतं की नव्हतं, मी मान वर केली नाही.

आता लाँड्रीतच आहे, धुतलेल्या चादरींच्या कोठीत. मुकादम बाईंनी काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "दोन नंबरच्या फडताळाशी झोपा, तिथे ऊब असते." पत्र त्यांच्या नावाने टाक.

एक सांग. मी दुसऱ्या गावी खोली घेतली, तर?

मुंगी

१७ एप्रिल

मुंगे,

तू कुठेही खोली घे. तुझ्या ओळीसमोर ते घर लिहिलं गेलं की त्याच घटकेला त्याच्यासमोरही तेच लिहिलं जातं. दोन्ही रस्ते एका दारात. हा नियम मी रात्ररात्र जागून बसवला, आणि कुठे फट राहू नये म्हणून चारही बाजूंनी तपासला. फट नाही. मीच शोधतोय आता, नाही सापडत.

खोली न घेता कार्ड दाखवून लस टोचून घेतलीस, तरी दवाखाना तुझा मुक्काम विचारतो आणि नोंदतो. नवव्या महिन्याची लस २४ तारखेला आहे. कार्ड काढूच नकोस.

आणि तिथूनही नीघ. तुझ्या ओळीतून कामाच्या जागेकडे बाण आहे. लाँड्री त्याच्या कार्डावर आज ना उद्या येईल.

एकच गोष्ट माझ्या हातात आहे. पिटुकलीची ओळ मी स्वतः पुसू शकतो. मूलच नाही, तर बाप कुणाचा आणि रस्ते कुठले? नोकरी जाईल, जाऊ दे, वहिनीला सांगून झालंय. ती म्हणाली, इतके दिवस काय करत होतास? पण पुसली की पिटुकली कुठल्याच वहीत राहणार नाही. आजारी पडली तर दवाखान्याला ती दिसणार नाही. शाळेला दिसणार नाही. हे मी तुला न विचारता करणार नाही. न विचारता एकदा करून बसलोय.

एका शब्दात कळव. पुस, किंवा ठेव.

दादा

२० एप्रिल

दादा,

पुस.

पण एका शब्दात भागत नाही. तू एवढा शिकलेला आणि एक विसरलास. तूच लिहिलं होतंस, आयांच्या चौकटीत जी बसली तिला निदान एक मूल हवंच. तुमच्या मोठ्या बाई हसल्या होत्या त्याला. तू पिटुकलीची ओळ पुसणार आणि माझी ठेवणार. मग यंत्र काय करील? माझ्यासमोर लिहील, "मूल: आहे. ओळख बाकी." मूल आलं की त्याला बाप आला, तोही ओळख बाकी. आणि तुझी ती चिठ्ठी परत जाईल, आणि तो परत सही करील, सुंदर अक्षरात. काल इस्त्री करताना दिवसभर हेच घोळत होतं. दोन चादरी करपल्या.

म्हणून मलाही पुस. एकीला आधी, दुसरीला मग, असं नको. दोघींना एकदम. मध्ये घटकाभरही रिकामी जागा ठेवू नकोस. ती भरते.

लसीचं मुकादम बाई बघतील. त्यांच्या ओळखीत एक नर्स आहे, कार्ड न मागता टोचते. शाळेला अजून पाच वर्षं आहेत. तेवढ्यात तू तो नियम खोडून घे. नोकरी गेली तरी घे. रागावले नाही मी तुझ्यावर, पण हे काम तुझं.

पिटुकलीच्या अंगातल्या झबल्यावर पाळणाघराची पट्टी होती, आत्ताच ब्लेडने उसवली. आता ती "कोणाची तरी" झाली. पण मी तिला फडताळात ठेवणार नाही. पोटाशी बांधलीय, चादरीने, दोन गाठी मारून.

आणि तुझं स्वतःचं कार्ड. त्यात "बहीण आहे का" याच्यापुढे तू "हो" लिहिलेलं आहेस, मला आठवतं, तू मला दाखवलं होतंस. माझी ओळ गेली की तिथे काय छापून येईल ते तुला ठाऊक आहे. बहीण आहे, ओळख बाकी. तसंच राहू दे. उद्या कुणी बाई दारात येऊन म्हणाली मीच ती, किंवा कुणी हळू आवाजाचा माणूस म्हणाला तिनेच मला पाठवलंय, तर सही करू नकोस. आधी विचार, पाण्याच्या टाकीत काय पडलं होतं. ते कुठल्या वहीत नाही.

पुढे काउंटरवर कुणीतरी आलंय. मुकादम बाई मुद्दाम मोठ्याने बोलताहेत, मला ऐकू यावं म्हणून. "कुठल्या वॉर्डाचे तुम्ही? काय कमी पडतंय तुमचं?" दुसरा आवाज इतका हळू आहे की शब्द लागत नाहीत.

मागच्या दाराशी इस्पितळाची गाडी भरून उभी आहे. आज तिच्यात दोन गाठोडी जास्त जातील. हे पत्र ड्रायव्हरकडे देते, वाटेत पेटीत टाकील. पिटुकली माझ्याकडे बघतेय, आवाज करत नाही. शहाणी आहे.

पुस आता.